रीस्टार्ट करून पाहिलं का?

"सर, एकदा राउटर रीस्टार्ट करून पाहिलं का?"

पाहिलं बाबा. दहा वेळा पाहिलं. रीस्टार्ट केलं की चालतं हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, पलीकडच्या गल्लीतल्या किराणावाल्यालाही माहीत आहे. माझा प्रश्न असा आहे की ते बंद का पडतं. पण या प्रश्नासाठी त्या पोरासमोरच्या स्क्रीनवर रकानाच नसतो. तो बिचारा पुढचं वाक्य वाचतो, "सर, स्पीड टेस्ट केली का?" केली. ९४ आली. "मग आमच्याकडून सगळं ओके आहे सर, अजून काही मदत हवी का?"

आज याच विषयावर भांडायला बसलोय. शनिवार आहे, दुपार आहे, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, आणि कूलरच्या आवाजात दुसरं काही वाचवत नाही. तेव्हा मंडळी, ज्यांना राउटर या वस्तूचा कंटाळा आहे त्यांनी आत्ताच उठून पन्हं प्यावं. बाकीच्यांनी बसा.

मी मिहानमध्ये नोकरी करतो. नागपूरबाहेर हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे विमानतळावर का?" नाव तसंच आहे म्हणा, मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर. कार्गो हब कुठवर आलं यावर वेगळा लेख होईल (आणि तो लिहिला तर वर्धा रोडवर मला कोणी चहा पाजणार नाही). आयटी मात्र आली. टीसीएस आली, इन्फोसिस आली, एचसीएल आली, आमच्यासारख्या लहानसहान कंपन्याही आल्या. पुण्याला गेलेली बरीच पोरं त्यामुळे आईबापांकडे परत आली, आणि मार्च २०१९ मध्ये खापरीपर्यंत मेट्रो सुरू झाल्यावर तर सीताबर्डीहून एसीत बसून येता यायला लागलं. आणि वर्षभरात कोविड आला नि सगळे घरी बसले.

इथपासून माझी गोष्ट सुरू होते.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता. बेसाकडे घर, घरात आईवडील आणि धाकटा भाऊ. कोड चांगला लिहायचा, टेस्ट स्वतःहून लिहायचा, म्हणजे दुर्मीळ जात. त्याची एकच अडचण होती. सकाळी ११ च्या कॉलवर त्याचा आवाज तुटायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा हमखास. "दादा, ऐक... ...मी काल तो बग... ...केला." क्लायंटसमोर दोनदा असं झालं. एकदा त्याच्याच मॉड्यूलचा डेमो दुसऱ्याने दिला. मी त्याला म्हणालो, "अरे, आधी नेट नीट कर ना बाबा." त्याने प्लॅन वाढवला, ५० चा १०० केला, स्वतःच्या पैशाने. फरक शून्य. वर्षाअखेरीला मी त्याच्या फॉर्मवर शेरा मारला, 'संपर्कात सातत्य नाही.' तीन शब्द. त्या तीन शब्दांनी त्याचं रेटिंग एक पायरी खाली आलं, आणि परदेशी क्लायंटकडे सहा महिने जायची जी संधी होती ती दुसऱ्याला गेली.

हे २०२३ सालचं. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी घरी भेटायला गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघता निघता सहज विचारलं, "नेटचं काय झालं रे?" तर म्हणाला, "तसंच आहे दादा." लॅपटॉप सोबत होता. पिंग लावला. १४ मिलिसेकंद. झकास. मग आतल्या खोलीतून धाकटा भाऊ आला. तो लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो, आणि रात्रभर एडिट केलेलं सकाळी दहाअकराच्या सुमारास गिऱ्हाइकांना अपलोड करतो. त्याला म्हटलं, "कर बरं एखादं अपलोड सुरू." त्याने केलं. पिंग १४ वरून ९०, ३००, ६५०, ८०० च्या वर गेला आणि तिथेच बसला. "थांबव." थांबवलं. १५. "कर सुरू." ८२०.

पाच मिनिटांचं काम होतं. ते मी आठ महिने आधी करू शकलो असतो. फोनवरून करू शकलो असतो. केलं नाही, कारण मीही त्या कॉल सेंटरवाल्या पोरासारखाच दुसऱ्याच्या स्क्रीनवरचं वाक्य वाचत होतो, 'नेट नीट कर.'

आता हे काय होतं ते सांगतो, कारण बहुतेकांच्या घरी हेच होतं आणि बहुतेकांना वाटतं की स्पीड कमी पडतो.

कळमना मार्केटच्या गेटवर संत्र्याचे ट्रक लागलेत असं समजा. गेट एकच, ट्रक शंभर. मागून रुग्णवाहिका आली. तिला गेटमधून जायला दोन सेकंद लागतात, पण तिच्यापुढे शंभर ट्रक आहेत. तुम्ही गेट रुंद केलं तरी ट्रकवाले दीडशे आणतील. राउटरचं अगदी असंच. त्यांच्या लाइनला खाली यायचा वेग १००, पण वर जायचा कसाबसा १० एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. आता वाटेत कुठल्यातरी डब्यात एक एमबीचा बफर असेल आणि भावाच्या अपलोडने तो भरला, तर मागून आलेल्या आवाजाच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावं लागणार. हा सातवीतला भागाकार आहे. प्लॅन ५० चा १०० केल्याने खाली यायचा वेग वाढला, वरचा दहाच राहिला, म्हणजे पोराचे पैसे गेले आणि रांग होती तेवढीच राहिली. आणि स्पीड टेस्ट? ती गेटमधून तासाला किती ट्रक गेले हे सांगते. रुग्णवाहिका किती वेळ उभी होती हे कोण विचारतो?

या रोगाला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या गृहस्थांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हे मोजलं. एक्स विंडोज उभं करणाऱ्यांपैकी हा माणूस, त्याच्याही घरचे 'नेट स्लो आहे' म्हणून तक्रार करत होते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल काढलं. कल्पना इतकी साधी की हेवा वाटावा: रांग किती लांब आहे ते बघू नका, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघा. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायला लागलं आणि ही अवस्था १०० मिलिसेकंद टिकली, तर पॅकेट टाकायला सुरुवात करा, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. एरिक डुमाझे यांनी त्याला वेगवेगळ्या रांगांची जोड दिली. ट्रकची रांग वेगळी, रुग्णवाहिकेची वेगळी. ते एफक्यू-कोडेल २०१२ मध्येच लिनक्स ३.५ मध्ये आलं. २०१८ मध्ये दोघांचे आरएफसीही निघाले, ८२८९ आणि ८२९०. डेव्ह टॅट या माणसाने सेरोडब्ल्यूआरटी नावाचा फर्मवेअर प्रकल्प चालवून हे सगळं खऱ्या घरातल्या खऱ्या राउटरवर घासूनपुसून घेतलं, आणि नंतर आयुष्यभर जो भेटेल त्याच्याशी या विषयावर वाद घातला. एप्रिल २०२५ मध्ये तो गेला. त्याचं नाव तुमच्या ब्रॉडबँडवाल्याला माहीत असण्याची शक्यता नाही.

म्हणजे औषध निघून दहा वर्षांहून जास्त काळ झाला, फुकट आहे, सोर्ससकट उपलब्ध आहे. मग बेसातल्या त्या घरात ते का नव्हतं?

कारण तो डबा त्यांचा नव्हता. केबलवाल्याने लावून दिलेला. अॅडमिनचा पासवर्ड विचारला तर फोनवरून उत्तर आलं, "पासवर्ड तुमाले कायले पायजे भाऊ? काही प्रॉब्लेम असन तं मी येतो ना!" माणूस चांगला होता, दोन दिवसांनी खरंच आला, आणि त्याने राउटर रीस्टार्ट केला.

गंमत अशी की हे डबे आत उघडून पाहिले तर बहुतेकांत लिनक्सच असतं. ज्याच्या परवान्यातच लिहिलंय की वाटणाऱ्याने सोर्स दिला पाहिजे. या लढाईचा इतिहास जुना आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आला, २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे आणि सोर्स कुठेच नाही. अँड्र्यू मिक्लस यांनी कर्नलच्या मेलिंग लिस्टवर ते मांडलं, बोंबाबोंब झाली, आणि त्या वर्षी कंपनीला सोर्स द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. मग २००५ मध्ये त्याच राउटरची पाचवी आवृत्ती आली, फ्लॅश ४ ची २ एमबी, रॅम १६ ची ८ एमबी, आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स. लोक चिडले तेव्हा जुनंच हार्डवेअर शेवटी एक 'एल' लावून पुन्हा विकायला काढलं. (आपल्याकडे याला जुनीच भाजी फोडणी देऊन वाढणं म्हणतात. पण भाजी चांगली होती, तेही खरं.)

यावर कंपन्यांचं नेहमीचं म्हणणं असतं की गिऱ्हाइकाला डबा उघडू दिला तर सुरक्षेचं काय? रेडिओची ताकद वाढवून ठेवली तर? बोगस नाही हा मुद्दा. रेडिओचे नियम असतातच आणि असायलाच हवेत. पण २०१६ मध्ये अमेरिकेत एफसीसीने टीपी-लिंकला २ लाख डॉलरचा दंड केला तो त्यांच्या स्वतःच्या राउटरमधल्या सेटिंगने मर्यादेबाहेर जाता येत होतं म्हणून, आणि त्याच तडजोडीत कंपनीने बाहेरच्या फर्मवेअरला वाट ठेवण्याच्या दिशेने काम करायचं कबूल केलं. नियम पाळणं आणि कुलूप लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथल्या सरकारला कळलं. आणि सुरक्षेचं म्हणाल तर २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर उघडकीस आलं, ५४ देशांतली निदान ५ लाख उपकरणं बाधित, बहुतेक घरगुती आणि लहान ऑफिसांतले राउटर. ते काही कोणी हौशी माणसाने फर्मवेअर बदललं म्हणून झालं नव्हतं. कंपनीचंच फर्मवेअर, जुनं, कोणी न सुधारलेलं. आणि तेव्हाही जगाला पहिला सल्ला काय मिळाला? राउटर रीस्टार्ट करा! :)

आता कुलूपवाल्यांना झोडून झालं, तर आमच्या जातीकडे वळतो. फर्मवेअर बदलणारे आम्ही काही कमी नाही.

आमच्यात अंधश्रद्धा भरपूर. डीडी-डब्ल्यूआरटीच्या काळात तीस-तीस-तीस नावाचा विधी होता. रीसेटचं बटण ३० सेकंद दाबा, दाबलेलंच ठेवून वीज काढा, ३० सेकंद थांबा, वीज लावा, आणखी ३० सेकंद. काही जुन्या राउटरवर त्याला अर्थ होता. पुढे लोक तो कुठल्याही डब्यावर करायला लागले, लिंबू-मिरचीसारखा. राउटर अस्थिर आहे? नवीन बिल्ड टाका. तरी आहे? रात्रीचं ताजं बिल्ड टाका. तरी आहे? दुसरंच फर्मवेअर टाका. मोजायचं कोणी नाही.

मी स्वतः हेच केलं, म्हणून अधिकाराने सांगतो. माझ्या घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे. एका मे महिन्यात तो दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान आपोआप रीबूट व्हायला लागला. मी पाच आवृत्त्या टाकल्या. वायफायचं ड्रायव्हर बदललं. एकदा चुकीची फाइल चढवून त्याची वीट केली, मग झाकण उघडून सीरियलची केबल लावून टीएफटीपीने जिवंत केला, आणि बायकोला सांगितलं की 'शिकतोय'. लॉग बघायला जावं तर लॉग रॅममध्ये, म्हणजे राउटर मेला की साक्षीदारही मेला. शेवटी अक्कल आली आणि लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवायला लावला, एका जुन्या रास्पबेरी पायवर. तीन दिवसांत कळलं की मरण्यापूर्वी कर्नल काहीही म्हणत नाही. एक ओळ नाही. पॅनिक नाही, मेमरी संपल्याची तक्रार नाही. चालता चालता दिवा विझावा तसा. सॉफ्टवेअर सहसा इतकं गुपचूप मरत नाही. वेळा लिहून काढल्या, आणि बऱ्याच वेळा बैठकीतला मोठा कूलर सुरू होण्याच्या वेळेशी जुळल्या.

अॅडॉप्टर! चार वर्षं जुना, १२ व्होल्टचा. मल्टिमीटरने मोजला तर १२.१ दाखवतो, साळसूदपणे. पण आतले कपॅसिटर उष्णतेने सुकलेले. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. कूलरची मोटर सुरू होताना घरातला व्होल्टेज क्षणभर खाली जातो, चांगला अॅडॉप्टर तो क्षण पोटात साठवलेल्यावर काढतो, याच्या पोटात काही उरलंच नव्हतं. बर्डीवरून अडीचशे रुपयांचा नवा आणला. तेव्हापासून एकही रीबूट नाही. पाच फर्मवेअरची बदनामी फुकट झाली.

राउटरच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश. हे शहर २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्रीवर गेलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, कपाटावर, छतापासून एक फुटावर, तीन बाजूंनी पुस्तकं, तिथे तो डबा आपण ठेवतो. किंवा खिडकीत, पत्र्याच्या कूलरच्या मागे. समोर धातूची पेटी आणि ओल्या ताट्या, म्हणजे सिग्नल अडवायला एखाद्या इंजिनिअरने मुद्दाम आखावं तसं. आणि मग म्हणायचं, फर्मवेअर खराब.

आणखी एक खोड. घरात पडलेला ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा राउटर काढून त्यावर सगळं चढवायचं, व्हीपीएन, जाहिराती अडवणं, रांगेची व्यवस्था, आणि तो कोसळला की ओपनडब्ल्यूआरटीला शिव्या. १९.०७ नंतर त्या मापाच्या डब्यांचा अधिकृत आधार संपला, २१.०२ पासून निदान ८ आणि ६४ लागतात. बैलाला ट्रॅक्टरचं काम देऊन बैल वाईट म्हणू नये. तसंच ते 'हार्डवेअर ऑफलोडिंग' नावाचं बटण. ते चालू केलं की पॅकेट प्रोसेसरला वळसा घालून जातात, वेग दणकून वाढतो, आणि ज्या रांगेच्या व्यवस्थेसाठी आपण हा सगळा उपद्व्याप केला तिलाही वळसा पडतो. दोन्ही बटणं चालू ठेवून 'काही फरक पडत नाही' म्हणणारे निदान चार लोक मला भेटलेत. त्यातले दोन नेटवर्क इंजिनिअर.

तर बेसाचं पुढे काय झालं? केबलवाल्याच्या डब्यामागे माझा एक जुना राउटर लावला. नॅटवर नॅट झालं, सुंदर नाही, पण चालतं. अपलोड साडेआठला बांधलं, म्हणजे मुद्दाम लाइनपेक्षा थोडं कमी. यामुळे रांग त्यांच्या डब्यात न लागता आपल्या डब्यात लागते, आणि आपल्या डब्यात कोडेल बसलेला असतो. भावाला म्हटलं, कर अपलोड. पिंग १४ वरून २२. मधेच २६. बस्स. भाऊ म्हणाला, "दादा, माझं थोडं हळू झालं का?" झालं, शेकडा पंधरा. त्याला चाललं.

मिहानमधल्या आमच्यासारख्या कंपन्यांबद्दल एक शेवटचं, आणि इथे मला खरा राग आहे. सेझमधल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यायचा नियम, ४३-ए, जुलै २०२२ मध्ये आला, आधी ५० टक्क्यांपर्यंत लोकांसाठी. त्यात असं होतं की युनिटने कर्मचाऱ्याला उपकरणं आणि सुरक्षित जोडणी पुरवायची. उपकरण म्हणजे लॅपटॉप मिळाला, सुरक्षित जोडणी म्हणजे व्हीपीएनचं खातं मिळालं. त्या खालची लाइन, डबा, अॅडॉप्टर, वीज गेल्यावरचं इन्व्हर्टर, हे सगळं पोरांच्या पगारातून, आणि ते नीट चाललं नाही तर शेरा पोरांच्या फॉर्मवर. ऑफिसात दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, जनरेटर, आणि नेट गेलं तर धावणारा माणूस. ऑफिसचं नेट गेलं म्हणून कोणाचं रेटिंग खाली आल्याचं मी ऐकलेलं नाही. २०२४ च्या ट्रायच्या नियमावलीत लेटन्सी, जिटर, पॅकेटची गळती हे शब्द आले आहेत, चांगलंच आहे. वर्धा रोडवरच्या फलकांवर अजून एमबीपीएसच आहे.

त्याचं रेटिंग बदलायला मी एचआरकडे गेलो होतो. पिंगचे दोन आलेख छापून नेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले की त्या वर्षाचं चक्र बंद झालंय, आता उघडता येत नाही. मुलगा वर्षभर राहिला आणि मग हैदराबादला गेला. राउटर अजून बेसातच आहे, भावाकडे.

आता टीममधले फॉर्म माझ्याकडून वर जातात. कुठल्या लीडने 'नेटची अडचण' असं लिहिलं असेल तर मी तो परत पाठवतो, खाली एक प्रश्न लिहून: अपलोड चालू असताना पिंग किती? गेल्या दोन वर्षांत असे सात फॉर्म परत गेले. दोन आकडा लिहून आले. बाकी पाचांतली ती ओळ खोडलेली होती.